घाटावरच्या हौदाचं बूच

मी एक जुना लोखंडी हौद आहे. सध्या माझा मुक्काम लोणी काळभोरला, सोजरबाईंच्या गोठ्यापुढे असतो. त्यांच्या म्हशीला पाणी पिता यावं म्हणून मला इथे आणलं. म्हैस रोज येते, माझ्यातल्या पाण्याचा वास घेते आणि मान फिरवते. मित्रांनो, मला तिचा राग येत नाही. मला किळस येते, पण ती म्हशीची नाही. तुम्ही लहान आहात, असलं काही तुम्हाला सांगू नये, असं मोठी माणसं म्हणतील. पण मोठ्या माणसांनी माझ्या पोटात काय काय सोडलं ते मी पाहिलं आहे, त्यामुळे हल्ली मी त्यांचं फारसं ऐकत नाही. हेमाताई नावाच्या एका बाईंनी माझ्या भरवशावर अख्ख्या गल्लीला एक शब्द दिला होता. तो शब्द माझ्याच पोटातून वाहून गेला. तो कसा, ते सांगतो.

माझा जन्म धायरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. राकेश नावाच्या वेल्डरनं मला जोडलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि माणसाच्या छातीएवढा खोल असा मी तयार झालो. शेवटी त्यानं माझ्या तळाशी, एका कोपऱ्यात, वाटीएवढं गोल भोक पाडलं आणि त्याला आट्यांचं जाड बूच बसवलं. ते फिरवून काढलं की पोटातलं सगळं पाणी बाहेर. "भरणारे लई भेटतात," तो मदतनिसाला म्हणाला, "रिकामं करायची सोय आधी बघायची." त्या वेळी मला ते काही विशेष वाटलं नाही. मी नवा होतो, चकचकीत होतो आणि आपण कुणाच्या तरी उपयोगी पडणार म्हणून खूश होतो.

मला नारायण पेठेतल्या नदीकाठच्या घाटावर नेऊन ठेवलं. काम मोठं मानाचं होतं. गणपतीच्या मूर्ती नदीत सोडायच्या नाहीत, हौदात सोडायच्या, असं ठरलं होतं. प्लॅस्टरची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, तिचा रंग मात्र विरघळतो. म्हणून विसर्जन हौदात करायचं आणि नंतर हौदातलं पाणी आणि गाळ टँकरनं उचलून शहराबाहेर शुद्ध करायला न्यायचा. कागदावर सगळं अगदी नीट होतं. कागदावर पुण्यात कायमच सगळं नीट असतं.

हेमाताई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. घाटाच्या वरच्याच गल्लीत त्यांचं घर होतं. पहिल्या वर्षी त्या स्वतः दारोदार फिरल्या. लोक ऐकून घेत, चहा देत आणि बघू म्हणत. त्यांच्या शेजारचे बाळकाका मात्र बघू म्हणणाऱ्यातले नव्हते. पंचाहत्तरी उलटलेले, बँकेतून निवृत्त झालेले, आणि कुणाचंही वाक्य मधेच तोडायची सवय असलेले.

"बाई, आमच्याकडे चार पिढ्या गणपती नदीत जातात," ते म्हणाले. "आता काय त्यांना हौदात पोहायला शिकवायचंय?"

"नदीत पाणी कुठंय, काका? घोट्याएवढ्या गाळात ठेवून येता आपण मूर्ती."

"आणि तुमच्या हौदातलं पाणी पुढे कुठे जाणार? नदीतच ना?"

"नाही. टँकर येणार आहे. माझा शब्द आहे, थेंबसुद्धा नदीत जाणार नाही."

बाळकाका तरी नदीवरच गेले. पण अख्ख्या पेठेत योग्य प्रश्न त्यांनी एकट्यानंच विचारला होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी माझ्याकडे बारा घरचे गणपती आले. हेमाताई खुर्ची टाकून माझ्याजवळ बसल्या होत्या. शेजारी त्यांच्या हातची पाटी होती: 'निर्माल्य वेगळे द्यावे. देव पिशवीसकट सोडू नये. शाडूची मूर्ती असल्यास सांगावे, नसल्यास खोटे सांगू नये.' तुम्हाला ठाऊकच असेल, मूर्ती सोडल्यावर रिकामा पाट तसाच घरी न्यायचा नसतो. नदीतली मूठभर वाळू त्यावर घालून न्यायची आणि घरात ठेवायची असते. माझ्या तळाशी कुठली वाळू? म्हणून हेमाताईंनी स्वच्छ धुतलेल्या वाळूचं एक घमेलं भरून ठेवलं होतं. प्रत्येकाच्या पाटावर त्या मूठभर वाळू घालत. लहान मुलं डोळे पुसत घरी जात. त्या संध्याकाळी मला खरंच वाटलं की आपण भाग्यवान आहोत.

माझ्या दिमतीला नागोराव होता. परभणीकडून आलेला, कंत्राटदाराकडे रोजानं काम करणारा. मूर्ती हातात घेऊन माझ्यात तीनदा बुडवायचं काम त्याचं. दिवसभर पाण्यात उभं राहून त्याच्या पायांना भेगा पडत, पण मूर्ती त्यानं कधी टाकली नाही, नेहमी ठेवली.

तिसऱ्या वर्षापर्यंत बाराचे चारशे गणपती झाले. आणि गर्दी जमली की माशा येतात, तसं झालं.

आमच्या प्रभागाच्या नगरसेवकांना सगळे 'माननीय' म्हणत. निवडणूक जवळ आली तशी माननीयांची नजर माझ्यावर पडली. एका सकाळी चार माणसं आली आणि मला त्यांच्या पक्षाच्या रंगात रंगवून गेली. माझ्या चारही अंगांना माननीयांचे हात जोडलेले फोटो लागले. गणपतीचाही फोटो होता, पण तो माननीयांच्या खांद्यामागून डोकावत होता. हौदाची कल्पना लहानपणापासून आपल्या मनात होती, असं भाषण माननीयांनी माझ्यासमोर केलं. हेमाताई मागच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांना कुणी पुढे बोलावलं नाही.

लगेच दुसऱ्या बाजूचे जागे झाले. निवडणुकीला उभं राहण्यासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्याला पुण्यात 'इच्छुक' म्हणतात. आमच्याकडचे इच्छुक ढोल-ताशे घेऊन घाटावर आले आणि म्हणाले, हौद म्हणजे आपल्या धर्मावर घाला आहे. त्यांनी माझ्यासमोरच नदीत विसर्जन केलं. त्या दिवसापासून माझ्यात मूर्ती सोडणारा तो माननीयांचा आणि नदीत सोडणारा तो इच्छुकांचा, असं ठरून गेलं. एकाच घरातले दोघे भाऊ एक मूर्ती घेऊन आले आणि कुठे सोडायची यावरून पायरीवर भांडले. देव बिचारे पाटावर बसून ऐकत होते. नदीबद्दल कुणीच बोलत नव्हतं. ती दहा पावलांवरून काळी पडून वाहत होती.

निवडणूक झाली. इच्छुक निवडून आले आणि माननीय झाले. मग काय झालं असेल? माझा रंग खरवडून मला नव्या माननीयांच्या रंगात रंगवलं. हौद ही आपली संस्कृती आहे, असं ते म्हणाले. जुने माननीय, जे आता इच्छुक झाले होते, ते ढोल-ताशे घेऊन नदीवर गेले आणि म्हणाले, हौद म्हणजे धर्मावर घाला. भाषणंसुद्धा तीच होती, फक्त एकमेकांना बदलून दिली होती. मला शिसारी आली. अंगावरच्या रंगाचे पोपडे निघतात, पण तो वास काही जात नाही.

आता बुचाचं सांगतो. इतकी वर्षं माझ्या चारही अंगांवर माणसं चढली, झेंडे लावले, फोटो काढले. वाकून माझ्या तळाशी मात्र कुणी पाहिलं नाही. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ती संपली की सगळं पुणं जेवून आडवं होतं. त्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्या दुपारी माझं बूच उघडत असे.

एका वर्षी हेमाताई आपलं वाळूचं घमेलं घाटावर विसरल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ते न्यायला आल्या. माझ्या पोटातून दुधासारखं पांढरं पाणी घाटाच्या पायऱ्यांवरून खाली नदीत चाललं होतं. नागोराव हातात बूच धरून उभा होता.

"नागोराव, टँकर कुठंय?"

नागोरावनं बूच खाली ठेवलं. मग म्हणाला, "टँकर येतच नाही ताई. पहिल्यापासून म्या असंच सोडायलोय."

"पहिल्यापासून?"

"कंत्राटदार साहेब म्हन्ले, बूच काढ अन् मोकळा हो. इच्यारलो असतो तर दुसऱ्या दिशी कामावर नसतो."

हेमाताई पायरीवर बसल्या. पांढरं पाणी त्यांच्या चपलांवरून वाहत होतं, त्यांनी पाय उचलले नाहीत. मला तेव्हा फार लाज वाटली. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, भोक राकेशनं पाडलं, बूच दुसऱ्यानं काढलं, हे सगळं खरं आहे. तरी शब्द त्यांनी माझ्या जिवावर दिला होता.

पुढे त्यांनी काय केलं ते ऐका. त्या प्रभागाच्या बैठकीत गेल्या आणि उभं राहून विचारलं, टँकर का येत नाही? मी वाट पाहत होतो की आता माननीय आणि इच्छुक एकमेकांवर तुटून पडतील. इतकी वर्षं नुसत्या रंगावरून तुटून पडत होते, आता तर खरंच कारण होतं. पण टँकरचं काम घेतलेला कंत्राटदार दोघांचाही स्नेही निघाला. माननीय हात जोडून म्हणाले, "ताई, पर्यावरण हा पवित्र विषय आहे. यात राजकारण आणू नका." इच्छुकांनी मान डोलावली. पहिल्यांदाच त्या दोघांचं कशावर तरी एकमत झालं. पालिकेच्या साहेबांनी सांगितलं की हा तांत्रिक प्रश्न आहे, समिती अभ्यास करेल. हेमाताईंनी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या पांढऱ्या पाण्याचा फोटो टाकला. ग्रुप चालवणाऱ्या सलिलनं दहा मिनिटांत तो काढून टाकला आणि लिहिलं, 'कृपया ग्रुपवर राजकारण नको. शुभ दुपार.'

ज्यात काही राजकारण नव्हतं त्यात यांनी ते ओढून आणलं. देवाच्या निरोपातसुद्धा आणलं. आणि ज्यांना निवडून दिलं त्यांनी उत्तर द्यायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांना एकदम राजकारणाचा विटाळ व्हायला लागला. याची मला सगळ्यात जास्त किळस येते. पुढच्या वर्षी घाटावर 'माझी नदी, माझी जबाबदारी' असं लिहिलेली एक चौकट उभी राहिली. लोक तिच्यात उभे राहून फोटो काढत. शाळांची घोषवाक्य स्पर्धा झाली. तुमच्यापैकी कुणी त्यात बक्षीस मिळवलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. तुमचं अक्षर चांगलं होतं. पण घोषवाक्यानं बूच बंद होत नाही.

मग माझा तळ गंजला. फायबरचा नवा हौद आला आणि मला घाटाच्या भिंतीला टेकवून ठेवलं. कुणी माझ्यात कचरा टाकला, कुणी शहाळी टाकली. नागोरावला आता भाडं परवडेना म्हणून तो लोणी काळभोरला खोली घेऊन राहत होता आणि संध्याकाळी सोजरबाईंकडे दूध घ्यायला जात होता. एक चांगला हौद भंगारात चालला आहे, असं त्यानं त्यांना सांगितलं. अशा रीतीनं मी इथे आलो. म्हशीचं तोंड पोचावं म्हणून माझी उंची कापून निम्मी केली, तळाला ठिगळ लावलं. बूच तेवढं जुनंच राहिलं.

सोजरबाईंची मोटर नदीवर आहे. पुण्यातून निघालेली नदी लोणीवरूनच पुढे जाते. पहिल्या दिवशी मोटर सुरू झाली, पाइपातून पाणी माझ्यात पडलं आणि मी ते लगेच ओळखलं. मित्रांनो, घाटावरून मी ज्याला निरोप दिला होता, ते इथे येऊन थांबलं होतं. मैलापाणी तर बारा महिने येतं. गणपती झाले की त्यावर पांढरी साय धरते आणि त्यात रंगाचे कपचे तरंगतात. गेल्या वर्षी सोजरबाईंचं एक वासरू ते पाणी पिऊन आठ दिवस आजारी होतं आणि गेलं. आता ही एकच म्हैस उरली आहे. सोजरबाई तिच्यासाठी अर्ध्या मैलावरून डोक्यावर कळश्या आणतात.

गेल्या उन्हाळ्यात नागोराव हेमाताईंना घेऊन इथे आला. घाटावरून गेलेलं पाणी पुढे कुठे जातं ते डोळ्यांनी बघायचं, असं त्यांनी मनात घेतलं होतं. त्यांनी मला ओळखलं. माझ्या काठावर हात ठेवून त्यांनी आत वाकून पाहिलं.

नागोरावनं ओळख करून दिली. सोजरबाईंनी त्यांना खालीवर पाहिलं.

"तुमी शेरातली मान्सं देव पान्यात सोडता आन म्हनता, गेले," त्या म्हणाल्या. "गेले म्हंजी कुटं गेले, ते कदी इच्यारलं का?"

"नाही विचारलं," हेमाताई म्हणाल्या. "मी तर सगळ्यांना सांगत होते की कुठेच जात नाहीत."

"हितं येत्यात. ह्या म्हशीच्या तोंडाम्होरं."

हेमाताईंनी मान खाली घातली. मग विचारलं, "यातला थोडा गाळ मला न्यायला द्याल? मूठ मूठ चारशे घरांना पुरेल इतका."

"न्या की," सोजरबाई म्हणाल्या. "तुमचाच हाय."

या भाद्रपदात घाटावर काय घडलं ते मी पाहिलं नाही. नागोरावनं माझ्या काठाला टेकून सोजरबाईंना सांगितलं, ते तुम्हाला सांगतो. हेमाताई नेहमीप्रमाणे नव्या हौदाजवळ खुर्ची टाकून बसल्या. शेजारी घमेलं होतं. पहिल्या घरच्या माणसांनी मूर्ती सोडून पाट पुढे केला आणि हेमाताईंनी त्यावर वाळूऐवजी मूठभर करडा, चिकट, उग्र वासाचा गाळ ठेवला. त्यात निळ्या मुकुटाचा एक कपचा होता.

"हे काय हो?"

"आपला मागच्या वर्षीचा बाप्पा. लोणीहून परत आणलाय. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणालो होतो ना आपण?"

रांग थांबली. कुणी नाक दाबलं. कुणी म्हणालं, हा अपमान आहे. फोटोसाठी माननीय एकाचा रिकामा पाट हातात धरून उभे होते, ते नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "ताई, सणाच्या दिवशी राजकारण..."

"पाट पुढे करा," हेमाताई म्हणाल्या.

माननीयांनी सवयीनं पाट पुढे केला. हेमाताईंनी त्यावर मूठ रिकामी केली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

तेवढ्यात नदीकडून येणारे बाळकाका गर्दीतून पुढे आले. त्यांनी घमेल्यातला गाळ चिमटीत धरून वास घेतला. नंतर घरी जाऊन आपली घडीची खुर्ची आणली आणि नव्या हौदाच्या बुचासमोर टाकली. "टँकर आल्याशिवाय मी उठणार नाही," ते म्हणाले. "कुणाला काढायचं असेल हे बूच, तर आधी मला काढा. माझं वजन शहाऐंशी किलो आहे." अनंत चतुर्दशीला ते सकाळी बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं पुणं झोपलेलं असताना तिथे बाळकाका आणि हेमाताई होत्या, आणि मूर्ती सोडून गेलेल्या लोकांपैकी वीस-पंचवीस जण होते. चार वाजता टँकर आला. पहिल्यांदाच आला. सगळं पाणी, सगळा गाळ त्यात भरला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नागोराव हे सांगताना रडला. सोजरबाईंनी त्याला चहा दिला आणि त्या संध्याकाळी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ उभ्या राहिल्या.

परवा सकाळी त्यांनी मोटर सुरू केली. पाणी माझ्यात पडू लागलं. तेवढ्यात हेमाताईंचा फोन आला. सोजरबाईंनी तो स्पीकरवर लावून माझ्या काठावर ठेवला.

"सोजरबाई, यंदा पाणी कसं आहे?"

सोजरबाईंनी माझ्यात हात घातला. बाहेर काढून उन्हात धरला. बोटांवरून पांढरं ओघळत होतं. म्हैस जवळ आली, वास घेतला आणि तिनं मान फिरवली.

"तसंच हाय ताई," त्या म्हणाल्या.

मग हेमाताई हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे टँकरलाही बूच असतं. पुढच्याच पुलावर काढलं असणार."

मागून बाळकाकांचा आवाज आला, "बाई, पुढच्या वर्षी मी स्कूटर घेऊन टँकरच्या मागे जातो. पेट्रोल आधीच भरून ठेवतो."

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही. ठिगळाशेजारी नवा गंज धरला आहे. माझी पूजा करू नका, मला रंगही देऊ नका. एवढंच करा. कुठेही असा हौद दिसला की नमस्कार जरूर करा, मग खाली वाका आणि त्याचं बूच शोधा. ते काढल्यावर पाणी कुठे जातं ते विचारा. उत्तर मिळालं तर तिथवर चालत जाऊन बघा. आणि कुणी तुमच्या डोक्यावरून हात फिरवून प्रेमानं म्हणालं, 'बाळ, यात राजकारण आणू नये,' तर तिथून हलू नका. बूच तिथेच असतं.